खान्देशात आयपीटी (इंटरपर्सनल थेरपी) देणारं कोणी माहीत आहे का?

तापीकाठ
१२ जानेवारी २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं इथे नुसती वाचतेय. पाककृतींच्या धाग्यावर एकदा कळण्याच्या भाकरीवरून भांडले होते, तेवढाच माझा सहभाग. आज पहिल्यांदा स्वतःचा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

वय ४३. चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०२३ च्या पावसाळ्यात वडील गेले. तेरावं होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते तेव्हा भावाने हक्कसोडपत्राचे कागद पुढे केले. मी सही करणार नव्हते असं नाही. मी एवढंच म्हटलं, "दादा, आत्ताच का?" त्या 'का'वरून घरात जे झालं ते झालं. पुढे तीन महिन्यांनी मी सही केलीसुद्धा. पण २०२४ च्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुराळी, म्हणजे माहेरी न्यायला येणारा, आला नाही. वडिलांच्या नावाने पितरांची पहिली घागर तिकडे भरली गेली आणि मी इकडे पंख्याखाली पडून होते. मिस्टरांनी डांगर (आमच्याकडे खरबुजाला म्हणतात) आणून कापून ठेवलं होतं, ते तसंच फ्रीजमध्ये सडलं.

त्यानंतर झोप गेली. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचे आणि काय लिहीत होते ते आठवायचं नाही. सप्टेंबरात जळगावला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. डिप्रेशन आहे म्हणाले. गोळ्या चालू आहेत, झोप परत आली, वजनही थोडं भरलं. पण छातीवरचा दगड तिथेच आहे. गेल्या वेळी डॉक्टर सरळ म्हणाले, "गोळी मी देऊ शकतो, पण तुमचं जे अडकलंय ते भावापाशी अडकलंय. त्यावर बसून काम करायला माझ्या ओपीडीत वेळ नाही. आयपीटी करणारं कोणी मिळालं तर बघा." आणि चिठ्ठीच्या मागे तीन इंग्रजी अक्षरं लिहून दिली.

जळगाव, धुळे, नंदुरबार, फार तर नाशिक. कोणाला माहीत आहे का? आणि हे नेमकं असतं तरी काय? विवेकनिष्ठ उपचारपद्धती वगैरे ऐकलंय, हे नाही ऐकलं. दुसरी अडचण अशी की जळगावच्या वेटिंगमध्ये मागच्या वेळी माझ्याच वर्गातल्या मुलाची आई भेटली. दोघीही डोळ्यांच्या दवाखान्यात आल्यासारखं बोललो.

केळीबाग
१३ जानेवारी, सकाळी ६:१५

ताई, राग मानू नका. भावाबहिणीचं भांडण हा काय आजार आहे का? आमच्या रावेर-यावलकडे घरटी एक असं प्रकरण आहे. एखादा मामा, काका मध्ये घाला, चहा प्या, विषय संपवा. तिऱ्हाईताला तासाला हजार रुपये देऊन घरची गोष्ट सांगायची हे काही पटत नाही.

शिरपूरची_सून
१३ जानेवारी, सकाळी ९:०२

केळीबाग भाऊ, मामा-काकाच तर आधी विचारतात "सही कधी करशील?" म्हणून. जाऊ द्या.

तापीकाठताई, आधी एक सावधगिरीची गोष्ट. लग्नानंतर दोन वर्षांनी मी अशीच खचले होते. एका 'समुपदेशन केंद्रा'त गेले, गाव सांगत नाही. बाहेर मोठा बोर्ड, आत भिंतीवर पाच-सहा सर्टिफिकेटं. बाईंनी पहिल्याच दिवशी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सासूला आई समजा, सगळं ठीक होईल." दुसऱ्या खेपेला रंगीत खडे दाखवले. तिसऱ्या खेपेला त्यांची भाची आमच्या नात्यात निघाली! मी तिथूनच एसटी स्टँड गाठला. नंतर कळलं की ती सर्टिफिकेटं दोन-दोन दिवसांच्या शिबिरांची होती.

तेव्हा कोणाकडेही जा, पण शिक्षण काय ते तोंडावर विचारा. आपल्याकडे विचारायची लाज वाटते. ट्रॅक्टर घेताना मात्र आपण दहा जणांना विचारतो.

भुसावळ_जंक्शन
१३ जानेवारी, दुपारी ३:३०

माझा अनुभव लिहितो, लांबेल.

रेल्वेत गार्ड होतो. ३४ वर्षं गाडीच्या शेवटी बसून गेली. २०२२ ला रिटायर झालो आणि तीन महिन्यांत माणूस विझला. रात्री दोनला उठून कपडे घालून बसायचो. मंडळी विचारायची, "कुठे निघालात?" सांगता यायचं नाही. मुलगा नाशिकला असतो, त्याने तिथल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंकडे नेलं. त्यांनी हीच पद्धत वापरली. पहिल्या चार भेटी नाशिकला, उरलेल्या फोनवर व्हिडिओने. एकूण १४.

त्यांनी पहिल्या भेटीत दोन गोष्टी सांगितल्या. एक, हा आजार आहे, तुमचा आळस नाही, टायफॉइड झालेल्याला आपण "उठ, कामाला लाग" म्हणत नाही. दुसरी, आपण १४ वेळा भेटणार आहोत, आजची पहिली. आकडा आधीच सांगितला हे मला फार आवडलं. गाडीला टाइमटेबल असलं की माणूस निम्मा शांत होतो.

मग एक कागद काढला. मध्ये मी, भोवती गोल, त्याच्याभोवती आणखी गोल. जवळचं कोण, लांबचं कोण, ते लिहायला लावलं. आतल्या गोलात मंडळी आणि मुलगा. बाहेरच्या गोलात ४० नावं, सगळी रेल्वेची! मधला गोल कोरा. बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं त्या कोऱ्या गोलावर पेन टेकवलं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

पुढचं सगळं काम त्या मधल्या गोलावर झालं. बालपण, स्वप्नं, वडिलांनी मारलं होतं का, असलं काही उकरलं नाही. 'या आठवड्यात कोणाशी काय बोलणं झालं आणि त्यानंतर मन कसं होतं' एवढंच. आता सकाळी लिंपस क्लबजवळ... असो, जागा कशाला सांगू. आम्ही सात म्हातारे बसतो, चहा पितो, सरकारला शिव्या देतो.

बाईंचं नाव इथे देत नाही, त्यांना विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पांझरा
१३ जानेवारी, रात्री १०:२०

मी धुळ्यात एका रुग्णालयात सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे. याहून जास्त ओळख सांगणार नाही. पण प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर.

आयपीटी १९७० च्या दशकात अमेरिकेत जेराल्ड क्लर्मन आणि मर्ना वाइसमन यांनी घडवली. क्लर्मन मानसोपचारतज्ज्ञ, वाइसमन मूळच्या सोशल वर्कर. (हे वाक्य मी जरा मान ताठ करून लिहितेय.) डिप्रेशनमधून बरं झालेल्या माणसाला नुसती गोळी पुरते की सोबत बोलण्याचा उपचारही लागतो, हे तपासताना त्या बोलण्याला काहीतरी शिस्त हवी म्हणून ही पद्धत बांधली गेली. १९८४ मध्ये तिची पुस्तिका छापली गेली. साधारण १२ ते १६ आठवडे, आठवड्याला एक भेट.

गृहीतक अगदी आपल्या आजीच्या तोंडी शोभेल असं आहे: मन आजारी पडतं तेव्हा आजूबाजूच्या नात्यांत काहीतरी हललेलं असतं. नात्यामुळेच आजार होतो असा दावा नाही, कारणं अनेक असतात. पण नात्याचा गुंता थोडा सुटला की आजारही उतरतो आणि आजार उतरला की गुंता सोडवायला बळ येतं. गुंता चारपैकी एका जातीचा असतो. कोणाचं तरी जाणं. कोणाशी तरी न संपणारा वाद, जिथे दोघांच्या एकमेकांकडून अपेक्षाच वेगळ्या आहेत. आयुष्यातली जागा बदलणं, म्हणजे लग्न, बाळंतपण, बदली, जंक्शनकाकांची रिटायरमेंट. आणि चौथं, मुळात नातीच जुळत किंवा टिकत नाहीत असा एकटेपणा. पहिल्या दोन-तीन भेटींत थेरपिस्ट आणि तुम्ही मिळून ठरवता की यातलं कुठलं धरायचं. एक, फार तर दोन. सगळं नाही.

तापीकाठताई, तुमच्यात पहिल्या दोन जाती एकमेकींत अडकल्यात असं बाहेरून दिसतं. वडिलांसाठी रडायला बसायच्या आत भावाशी भांडण सुरू झालं. पण हे मी धाग्यावरून म्हणतेय, निदान नव्हे.

आता कुठे मिळेल. खरं सांगायचं तर आपल्या तिन्ही जिल्ह्यांत 'मी आयपीटी करतो' अशी पाटी मी पाहिलेली नाही. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगावला २०१८ पासून सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नंदुरबारचंही आता आहे, तिथल्या मानसोपचार ओपीडीत जाऊन विचारा. निदान आणि गोळ्यांसाठी सरकारी ओपीडी स्वस्त आणि योग्य जागा आहे. पण दर आठवड्याला पाऊण तास एका माणसाला देणं कुठल्याही गर्दीच्या ओपीडीला जड जातं. म्हणून बहुतेकांना गोळ्या इथे आणि थेरपी ऑनलाइन, असंच करावं लागतं.

शिक्षणाचं म्हणाल तर शिरपूरच्या ताईंशी सहमत. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा, कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. 'समुपदेशक' या शब्दाभोवती मात्र तसं कुंपण नाही. उत्तम समुपदेशक आहेत आणि खडेवालेही आहेत. शिवाय नोंदणी आहे म्हणजे आयपीटी येतेच असंही नाही. ते वेगळं विचारायचं: कुठे शिकलात, किती जणांबरोबर केलंत, कोणाच्या देखरेखीखाली केलंत. चांगला माणूस या प्रश्नांवर चिडत नाही.

कायदा_कट्टा
१३ जानेवारी, रात्री ११:५५

थेरपी राहू द्या हो. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलंय की त्यासाठी २००५ ला वडील जिवंत असण्याचीही अट नाही. हक्कसोड दबावाखाली घेतलं असेल तर ते रद्द करायला दावा लावता येतो. मुदतीचं बघावं लागेल, लगेच वकील गाठा. माझ्या माहितीतल्या एका प्रकरणात…

(उर्वरित भाग वेगळ्या धाग्यावर हलवला आहे. माहिती उपयुक्त आहे, पण धागाकर्तीने कायद्याचा सल्ला मागितलेला नाही. – संपादक)

तापीकाठ
१४ जानेवारी, सायंकाळी ७:१०

तिळगूळ घ्या सगळ्यांनी. एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं.

कायदा_कट्टा, धन्यवाद, पण मला जमीन नको आहे. मला नेमकं काय हवं आहे तेच सांगता येत नाहीये, हीच तर भानगड.

जंक्शनकाका, तुमचा तो कोरा गोल वाचून मीही वहीत काढून बघितला. माझ्या आतल्या गोलात दादाचं नाव लिहिलं गेलं. मी खोडलं नाही.

सुरतकर
१४ जानेवारी, रात्री ८:४५

मूळचा शहाद्याचा, आता उधन्यात. नंदुरबार-नवापूरच्या लोकांनी सुरतही धरावं, आमच्या बाजूची निम्मी माणसं दवाखान्याला इकडेच येतात. पण थेरपीची गोष्ट वेगळी. इथला डॉक्टर गुजराती-हिंदीत बोलणार. पोट दुखतं हे हिंदीत सांगता येतं. 'माले काही गोड लागत नही' हे हिंदीत कसं सांगायचं? "मीठा नहीं लगता" म्हटलं तर शुगर तपासतील.

पांझरा
१५ जानेवारी, दुपारी १:३०

सुरतकर, हसले, पण तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत.

आयपीटीचा एक गाजलेला प्रयोग युगांडातल्या खेड्यांत झाला होता, २००३ मध्ये छापून आला. तिथे 'डिप्रेशन' हा शब्द घेऊन कोणी गेलं नाही. आधी गावकऱ्यांना विचारलं की या दुखण्याला तुम्ही काय म्हणता. त्यांच्या लुगांडा भाषेत दोन शब्द निघाले, एकाचा अर्थ स्वतःचाच तिटकारा येणं आणि दुसऱ्याचा स्वतःचीच कीव येणं, असा काहीसा. ३० गावं, बायकांचे गट वेगळे, पुरुषांचे वेगळे, आठवड्यातून एकदा बसायचं, १६ आठवडे. गट चालवणारे त्याच भागातले, मानसोपचाराची पदवी नसलेले, पण नीट प्रशिक्षण दिलेले. गटांत बसलेल्यांचं दुखणं न बसलेल्यांपेक्षा खूपच उतरलं. तोंडावर स्पष्ट बोलणं तिथल्या रीतीत बसत नव्हतं, तेव्हा आडून सांगण्याच्या, मध्यस्थामार्फत सांगण्याच्या तिथल्याच वाटा उपचारात घेतल्या. म्हणजे केळीबाग भाऊंचा मामा-काका अगदीच टाकाऊ नाही. फक्त तो सही मागणारा मामा नको.

आणि युगांडा लांब वाटत असेल तर गोवा घ्या. तिथे विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 'मानस' नावाचा मोठा प्रयोग केला, १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि १२ खाजगी दवाखान्यांत. प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते समजावून सांगायचे आणि ज्यांना गरज असेल त्यांना हीच आयपीटी द्यायचे. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. सरकारी केंद्रांत फरक चांगला पडला, खाजगीत तेवढा दिसला नाही. मला या प्रयोगाचा हेवा वाटतो. चोपड्याच्या किंवा साक्रीच्या आरोग्य केंद्रात असं कोणी अहिराणी बोलणारं बसलेलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

शिरपूरची_सून
१५ जानेवारी, दुपारी २:१०

खरं शे ताई. मी पुढे ज्या डॉक्टरांकडे बरी झाले, त्यांच्याकडे एक सिस्टर होती अमळनेरची. डॉक्टर मराठीत विचारायचे "कसं वाटतंय?" तर मी म्हणायचे "बरं वाटतंय." सिस्टर बाहेर बाकावर विचारायची, "तुले काय व्हयनं व बहिन?" आणि मी तिथे तासभर बोलायचे.

तापीकाठ
२१ जानेवारी, रात्री १०:३०

आठवडाभर फोन केले. शाळा सुटल्यावर, शाळेच्या मागच्या निंबाखाली उभी राहून. अहवाल देते.

पहिल्या ठिकाणी रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "आयपीटी म्हणजे ईसीजीसारखं मशीन का?" तिचा दोष नाही, महिन्यापूर्वी मलाही माहीत नव्हतं. दुसरे म्हणाले, "आम्ही सगळ्या थेरप्या देतो. सीबीटी (विचार-वर्तन बदलण्याची थेरपी), आयपीटी, हिप्नो, पास्ट लाइफ." शेवटचं ऐकून मीच ठेवला. तिसऱ्या बाई पुण्याच्या, ऑनलाइन, आयपीटी रीतसर शिकलेल्या, बोलल्याही छान, पण फी ऐकून मी गणित केलं तर १६ भेटींत माझा पगार लंगडा होतो. शिवाय बोलणं अर्धं इंग्रजीत.

चौथ्या जंक्शनकाकांच्या नाशिकच्या बाई. एप्रिलपर्यंत जागा नाही.

पाचव्या जळगावच्याच एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. आरसीआय क्रमांक मागितला तर लगेच पाठवला, संकेतस्थळावर सापडला. आयपीटीचं विचारलं तर म्हणाल्या, "माझं मुख्य शिक्षण सीबीटीचं आहे. आयपीटी अभ्यासक्रमात शिकले, आतापर्यंत चार जणांबरोबर पूर्ण केली आहे, माझ्या सिनिअर मॅडमना दाखवून. तुमच्याबरोबर केली तरी त्यांच्याशी चर्चा करीन, तुमचं नाव न सांगता. चालेल का?" आणि शेवटी म्हणाल्या, "मी पाचोऱ्याची आहे, तुम्ही घरी जसं बोलता तसं बोललात तरी मला कळेल."

आता प्रश्न. पुण्याची पूर्ण तयार थेरपिस्ट बरी की ही?

पांझरा
२१ जानेवारी, रात्री ११:०५

माझं मत विचाराल तर ही. आपल्याला किती येतं आणि किती येत नाही हे जी बाई न विचारता सांगते, तिच्याबरोबर सोळा आठवडे काढता येतात. 'सगळ्या थेरप्या देतो' वाल्यांपासून मात्र लांब राहा.

फक्त दोन गोष्टी पहिल्याच भेटीत पक्क्या करून घ्या. एकूण भेटी किती, आणि मध्यावर आपण मोजून बघणार का. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी चाचणी असते, ० ते २७ गुण, जितके जास्त तितकं डिप्रेशन जास्त. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी भरायची. सहा-आठ भेटींनंतरही आकडा हलला नाही तर थांबून दुसरा विचार करायचा, त्यात थेरपिस्टचाही अपमान नाही आणि तुमचाही दोष नाही. आणि गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. थेरपी चांगली चालली की लोक हेच करतात.

केळीबाग
२३ जानेवारी, पहाटे ४:५०

पांझराताई, एक विचारायचं होतं. एखाद्याला झोपच येत नसेल, म्हणजे रोज तीनला जाग येते, बागेत जाऊन बसतो, कर्जाचं वगैरे डोक्यात असतं, आणि कधीकधी वाटतं की आपण नसलो तर घरच्यांचं बरं होईल. मित्राचं आहे. अशा माणसाला या नात्याच्या थेरपीचा काय उपयोग? सहज विचारतोय.

पांझरा
२३ जानेवारी, सकाळी ५:२०

भाऊ, बरं झालं विचारलंत. मित्राला आत्ताच सांगा, १४४१६ लावायला. टेलि-मानस, केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि आज उजाडल्यावर घरातल्या एका माणसाला सोबत घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. थेरपी कुठली हा प्रश्न नंतरचा. 'आपण नसलो तर' हा विचार येतोय ना, तर आज एकटं बागेत बसायचं नाही. फवारणीची औषधं, दोर, असलं सगळं दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं.

मी जागी आहे, व्यनि केलाय. मित्राला उत्तर द्यायला सांगा.

भुसावळ_जंक्शन
२३ जानेवारी, सकाळी ६:००

केळीबाग, रावेरला मी पॅसेंजरने तासाभरात येतो. तुमच्या मित्रासोबत दवाखान्यात बसायला माणूस हवा असेल तर मला काही काम नाही. रिटायर माणूस आहे.

केळीबाग
२३ जानेवारी, सकाळी ९:४०

फोन लावला. दुपारी बायकोसोबत जातोय. काका, तुम्ही नका येऊ. पण आलात तर भरीत करू.

तापीकाठ
१६ फेब्रुवारी, रात्री ९:१५

धागा वर काढतेय. जळगावच्या मॅडमकडे सुरू केलं. पहिली भेट प्रत्यक्ष, मग दर शनिवारी ऑनलाइन. एसटीचे जाऊन-येऊन तीन तास वाचले आणि वेटिंगरूमही टळली. भेटीचे ८०० रुपये.

जागेची अडचण झाली. घर म्हणजे सासरे, दोन मुलं, आणि जाऊ शेजारच्याच घरात. कुठल्याही खोलीत दार लावून तासभर बोलले तर चौकशी समिती बसते. शेवटी मिस्टर म्हणाले, गाडीत बस. आता दर शनिवारी साडेचारला ते मला आमच्या मळ्यातल्या विहिरीपाशी सोडतात, गाडी सावलीत लावतात आणि स्वतः जाऊन ठिबकच्या नळ्या तपासत बसतात. एवढ्या नळ्या तपासणारा शेतकरी अख्ख्या तालुक्यात नसेल.

पहिल्या दोन भेटींत नुसते प्रश्न. आयुष्यात कोण कोण आहे, प्रत्येकाकडून काय हवं असतं, काय मिळतं. तिसऱ्या भेटीत मॅडम म्हणाल्या, दोन दुखणी आहेत, आधी कुठलं घ्यायचं? मला वाटलं होतं मी 'दादा' म्हणेन. तोंडातून 'भाऊ' निघालं. आम्ही वडिलांना भाऊ म्हणायचो.

सुरतकर
१६ फेब्रुवारी, रात्री ९:५०

मिस्टरांना माझा रामराम सांगा.

तापीकाठ
२३ मार्च, रात्री ८:००

सात भेटी झाल्या. ती नऊ प्रश्नांची चाचणी पहिल्यांदा भरली तेव्हा १७ गुण होते, काल ९. अजून काही दिवस वाईट जातातच, होळीला पुरणाला हात लावला नाही. पण वर्गात परत मोठ्याने हसते म्हणे, मुलांनी सांगितलं.

तिसऱ्या भेटीनंतर काही आठवडे फक्त भाऊंबद्दल बोललो. शेवटच्या आजारपणात मी त्यांना दवाखान्यात 'उद्या येते' म्हणून निघाले आणि उद्या झाला नाही. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

आता दादाचं सुरू आहे. यातली एक रीत मजेशीर आहे. ते 'आत्ताच का?' वालं संभाषण आम्ही सिनेमासारखं मागे नेऊन पाहिलं. तो कुठे उभा होता, त्याने पहिला शब्द काय उच्चारला, मी काय म्हटलं, कोणत्या आवाजात, तेव्हा पोटात काय झालं, मला खरं काय म्हणायचं होतं. पूर्ण ५० मिनिटं एवढ्या एका मिनिटावर. तेव्हा कळलं की मला म्हणायचं होतं, "दादा, आपण दोघं अजून एकदाही एकत्र रडलो नाही." आणि निघालं काय तर "आत्ताच का?" त्याला ऐकू गेलं, "मला वाटा हवाय."

त्याने जे केलं ते बरोबर असं मॅडम म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. घाई त्याचीच होती. पण माझं वाक्य मला सापडलं.

ते त्याला सांगायची तालीम चालू आहे. मॅडम दादा होतात, मी मी. मॅडम फारच चांगल्या दादा होतात, दोनदा चिडले.

शिरपूरची_सून
२३ मार्च, रात्री ८:३०

वाचीसन डोयाले पानी उनं. तोंडावर बोलवलं नाही तर वहिनीमार्फत सांगा, युगांडावाल्यांसारखं.

केळीबाग
२४ मार्च, सकाळी ७:००

मी बरा आहे. गोळी चालू आहे, झोप पाचपर्यंत लागते. जंक्शनकाका दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा वांगी घेऊन गेले. थेरपीचं अजून पटलेलं नाही, पण डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून एक भेट घेतली. बाईंनी तो गोलांचा कागद दिला. घरी आणलाय, अजून भरला नाही.

तापीकाठ
३० एप्रिल, रात्री १०:५०

आज आखाजी. ऊन ४४ च्या पुढे असेल, कूलरसमोर बसून लिहितेय.

बारा भेटी झाल्या. कालच्या चाचणीत ६. अजून दोन भेटी महिन्याच्या अंतराने, मग बंद. बंद होणार म्हणून मागच्या शनिवारी मी चक्क मॅडमवर रुसले. त्या म्हणाल्या, निरोपाचंही बोलायचं असतं, यावेळी 'उद्या येते' म्हणून निघून जायचं नाही.

दादाला गेल्या महिन्यात फोन केला. वाक्य पाठ होतं तरी अर्धंच आलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ट्रॅक्टर आलाय, नंतर बोलतो." नंतर बोलला नाही.

यंदाही मुराळी आला नाही. मी सकाळी इथेच, माझ्या घरी, भाऊंच्या नावाची घागर मांडली. लेकीने सासरी घागर भरावी का यावर सासऱ्यांचं आणि शेजारच्या आजींचं अर्धा तास चाललं, मी तोवर सांजोऱ्या तळून घेतल्या. आत्याला आणि दोन चुलत बहिणींना बोलावलं होतं, त्यांनाही माहेर म्हणावं तसं उरलेलं नाही. मिस्टरांनी निंबाला झोका बांधला. पंचाहत्तर वर्षांची आत्या झोक्यावर बसून गाणी म्हणत होती आणि खाली पोरं आमरसाची वाट बघत होती.

चारच्या सुमारास भाचा आला, मोटरसायकलवर, एकटाच. हातात पिशवी. दोन डांगरं आणि वहिनीने केलेल्या सांजोऱ्या. म्हणाला, "पप्पांनी सांगितलं, आत्याला देऊन ये." मी विचारलं, अजून काही म्हणाले का? म्हणाला, "नाही. पण पेट्रोलचे पैसे त्यांनीच दिले."

एक डांगर कापलं. दुसरं ठेवलंय. शनिवारी मॅडमना काय सांगायचं ते अजून ठरलं नाही.